बायोडिझेल घातलं आणि पिकअप बंद पडला

मंडळी, आज कळंबोलीत बाबांचा पिकअप आचके देत बंद पडला. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळायचा हट्ट माझाच होता, तेही गाडीच्या कंपनीने चालेल म्हटलंय तेवढंच.

ते भरलं त्या पंपावरच्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नका. बायोडिझेलने टाकीतला जुना गाळ सुटतो. तो फिल्टरमध्ये अडकला असेल."

बाबांनी बाह्या वर करून फिल्टर बदलला. जुना काळाकुट्ट निघाला. गाडी लगेच सुरू झाली!

आता ओरडा बसणार, असं मला वाटलं. पण आमच्या गावाकडे, जासईकडे वळताना बाबा म्हणाले, "बाय, टाकी साफ झाली ना? मंग परत तेच भर. आपले गावान धूर कमी झाला त बराच हाय."

तुमच्यापैकी कोणी बायोडिझेल वापरतं का? सुरुवातीला तुमचीही गाडी रुसली होती का?