गालात घुसलेली तार

सुक्या बोंबलांचा वास आला की मला अलिबागचा दातांचा दवाखाना आठवतो, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. रेवदंड्याहून रिक्षाने येऊन मी तिथे काउंटरवर बसायचे. दात सरळ करायला तारा लावून घेणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असत, दुखेल का, किती महिने लागतील, काय खायचं नाही, आणि माझी उत्तरंही पाठ झालेली. आमच्याच आळीत सुकी मासळी विकणारी एक बाई लेकीला तारांसाठी घेऊन येई. तिच्या लुगड्याला तो वास असायचा आणि मी तिथे तिला ओळख दाखवत नसे. एका दुपारी तिचा फोन आला. "बाय, मी बोलतंय गो. पोरीची तार सुटलीय, गालात घुसतेय, रगत येतंय. काय करू?" समोर चार पेशंट बसलेले. त्यांच्यादेखत आमच्या बोलीत बोलायची मला लाज वाटली. "सुरुवातीला टोचतंच, पुढच्या तारखेला या," असं शुद्ध मराठीत सांगून मी फोन ठेवला. खरं तर तिला लगेच बोलवायला हवं होतं. तारेचं टोक कापायचं, दोन मिनिटांचं काम. तीन आठवड्यांनी मुलगी आली तेव्हा गाल आतून सोलवटला होता, पेजेवर दिवस काढत होती. डॉक्टर चिडले, "अहो, फोन नाही का करायचा?" बाईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "लागलाच नाय, डॉक्टर," ती म्हणाली. मी खाली मान घालून पुढची तारीख लिहिली. आज पन्नाशीत, ती नोकरी सोडून कितीतरी वर्षं झाल्यावर, सांगते: फोन लागला होता, आणि तो मीच उचलला होता.