आप्पांची बाटली

आप्पा कुठल्याही साहेबाच्या खोलीत शिरले की नमस्काराआधी पिशवीतून काचेची बाटली काढून टेबलावर ठेवायचे. आत आमच्या गावच्या खालच्या आळीतल्या नळाचं पाणी. पिवळट, वर तवंग. "घ्या की साहेब, ताजं हाय," म्हणायचे. साहेबाने खूण केली की शिपाई बाटली खिडकीत ठेवायचा, आणि आप्पा उठून ती पुन्हा टेबलावर आणायचे.

सोलापूरपासून तासाभरावर आमची नगरपालिका. नाव सांगत नाही, माझी नोकरी अजून शिल्लक आहे. मी तिथला हेडक्लार्क. आप्पा बियाण्यांचे दुकानदार, एकदाच नगराध्यक्ष झाले. मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवणारा माणूस. कार्यालयात आम्ही त्यांची नक्कल करायचो, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे, खोटं कशाला बोलू?

खालच्या आळीची पिण्याची जुनी पाइपलाइन गटारातून जाते. ती बदलायची, एवढाच ध्यास होता त्यांना. पालिकेकडे स्वतःचा पैसा नव्हता. "जकात काढून नेली," आप्पा म्हणायचे, "आन् आता इचारत्यात, तुमचं उत्पन्न कुटं हाय? हात तोडायचा आन् टाळी वाजव म्हनायचं!" लोक पोट धरून हसायचे. म्हणायचे, आप्पा लई विनोदी हायत.

एका मार्चात वरून निधी आला, कारंज्यासाठी. दर पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात गाण्यावर नाचणारं, रंगीत दिव्यांचं कारंजं! त्यातला रुपयाही पाइपकडे वळवायचा नाही, अशी अट. आप्पा सभेत उभे राहिले. "चूल आमची, भूक आमची, आन् भाजी कुटली करायची ते मुंबईत ठरनार व्हय?" टाळ्या पडल्या आणि ठराव झाला. निधी परत. पाइपसाठी द्या, नाहीतर आमचा कर आम्हाला आमच्या मताने खर्च करू द्या.

ते पत्र मी टाइप केलं. परत गेलेल्या निधीचा वर एकच अर्थ लावतात, की या पालिकेला खर्च करता येत नाही. हे मला माहीत होतं, आप्पांना नव्हतं. दुकानात नको असलेला माल परत पाठवून हवा तो मागवायची त्यांना सवय. सरकारही तसंच असेल असं वाटलं बिचाऱ्यांना. मी गप्प बसलो. म्हटलं, बघू तरी म्हाताऱ्याची मजा.

मजा झाली. पुढच्या वर्षी आमचा निधी कापला, शेरा मारला, 'खर्चाची क्षमता नाही', आणि पाइपचा प्रस्तावही त्याच टपालाने परत आला. निवडणुकीत विरोधकांनी एकच विचारलं, "कारंजं कुणी घालवलं?" खालच्या आळीनेसुद्धा आप्पांना पाडलं. निकालादिवशी लोकांनी दुकानासमोर पिचकाऱ्या उडवल्या. आप्पा दारात उभे राहून भिजले. "एन माडोदु? करायचं काय?" म्हणाले, "पानी तरी स्वच्छ हाय न्हवं?"

नव्या नगराध्यक्षांनी कारंजं आणलं. ती फाइल मीच झटपट पुढे सरकवली. आप्पा बाटली घेऊन सोलापूरच्या चकरा मारत राहिले, पण आता त्यांना खोलीत कोण घेणार? गेल्या उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली. राहायचे खालच्या आळीत, प्यायचे तेच पाणी. जार आणा म्हटलं की चिडायचे, "आळी पितीया, मी काय येगळा हाय?" पंधरा दिवसांत गेले.

त्या दिवशी आळीचा नळ यायचा नव्हता. भरून ठेवलेलं पाणी भेटायला आलेल्यांत संपलेलं. शेवटची आंघोळ घालायला घागरभर पाणी नाही, आणि पालिकेचे टँकर बाहेरगावी. गावात भरलेली टाकी एकच, कारंज्याची. मला आयुष्यात पहिल्यांदा माझी लाज वाटली. दोन घागरी तिथून भरून मी रिक्षाने आणल्या.

आप्पांच्या पत्नी, आक्का, दारातच आडव्या आल्या. "कुटलं हाय?"

खोटं बोलायला हवं होतं. मी खरं सांगितलं.

"ब्याड," म्हणाल्या. नको. "त्यांनी परत पाठिवलं हुतं की. तुमीच टाइप केलं न्हवं?"

मग त्यांनी फळीवरची बाटली काढली, तिच्यातलं पाणी पंच्यावर ओतलं आणि आप्पांचं तोंड पुसलं. दोन्ही घागरी हातात धरून मी उंबऱ्याबाहेर उभा होतो.