काळ्या गाडीच्या मागच्या सीटवरून

नमस्कार. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच महिने नुसते वाचतोय. खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचायचो. माझं पांढुर्ण्याला पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. मोटार बंद पडली की एखादा गिऱ्हाईक हमखास म्हणतो, "नजर लागली भाऊ." मी मोटार उघडतो, आत तारांचं वाइंडिंग जळालेलं असतं. माझ्या लेखी सगळं जग असंच होतं. उघडून पाहिलं की कारण सापडतं. म्हणून ही गोष्ट लिहायला बसताना माझाच मला संकोच वाटतोय... पण कुठेतरी सांगणं भाग आहे, आणि घरात तर सांगताच येत नाही. का, ते पुढे येईलच.

आई गेल्यापासून बाबांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. हो, नाही, राहू दे — एवढंच. ते मूळचे मोहगावचे, जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तर होते. म्हणजे बोलण्यावरच पोट भरलेला माणूस. तो खिडकीशी खुर्ची घेऊन दिवसभर गप्प बसायचा. त्यात बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला ऑपरेशन झालं. पुढच्या तपासण्यांना नेताना आमच्या छोट्या गाडीत प्रत्येक गतिरोधकावर ते दात आवळायचे. तोंडातून आवाज नाही. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा ठरवलं की मोठी सेडान घ्यायची. नवीन घेणं आवाक्याबाहेर होतं. पण बड्या लोकांच्या गाड्यांचा भाव फार लवकर उतरतो. नव्या छोट्या गाडीच्या पैशात जुनी आलिशान गाडी येते. महिनाभर मी मोबाइलवर त्याच गाड्यांचे व्हिडिओ पाहत होतो. अर्चना — माझी बायको — स्वयंपाकघरातून ऐकत असायची.

"घ्याले परवडन, पण ठेवाले परवडन काय?" ती एकदा म्हणाली.

"पार्ट नागपूरले भेटतात न."

"अन् त्या हवेच्या शॉकअपचं काय? तो व्हिडिओवाला म्हणून राहिला होता, एक गेला की चारही बदला."

मी पुढचा व्हिडिओ लावला.

शेवटी दोन गाड्यांवर येऊन अडलो. दोन्ही सौंसरला, नागपूर रस्त्याला लागून असलेल्या एका आवारात होत्या. जुन्या गाड्यांचा धंदा करणारे बबलूभाऊ मोठे गोड बोलणारे. एक काळी जर्मन. हवेचं सस्पेन्शन, दुधी रंगाचं लेदर, मागे पाय पसरून बसता येईल एवढी जागा, काचांना गडद फिल्म. दुसरी पांढरी जपानी. मॉडेल जुनं, पण चाललेली कमी, साधे स्प्रिंग, पांढुर्ण्याचा मेकॅनिकही हात लावू शकेल अशी. अर्चनाचं मन पांढरीवर होतं, माझं काळीवर. दुकानासमोर ती काळी गाडी उभी आहे, हे चित्र मी मनात कितीदा तरी पाहिलं होतं.

उन्हाळा नुकताच तापायला लागला होता. सकाळी निघालो, अर्चनाच्या आग्रहानं जामसांवलीला हनुमानाचं दर्शन घेतलं, आणि जेवायच्या वेळेआधी सौंसरला पोचलो. बाबांना मुद्दाम सोबत आणलं होतं. बसायचं त्यांनाच होतं.

बबलूभाऊंनी पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्या टाकल्या. "काळीची बॅटरी डाउन आहे भाऊ, पोऱ्या चार्जर घेऊन येऊन राहिला. तवरक पांढरी चालवून पाहा. अन् काळीत बसून पाहाले काय हरकत आहे... सोफा आहे सोफा."

बाबा आणि अर्चना शेडमध्ये बसले. मी काळ्या गाडीचं मागचं दार उघडून आत बसलो. बाबांचा पाय कसा राहील, ते पाहायचं होतं.

दार मी ओढलं नाही, असं मला वाटतं. या गाड्यांची दारं जड असतात, जरा उतार असला तरी आपोआप येतात. थप्... असा मऊ आवाज झाला आणि बाहेरचं सगळं थांबलं. रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न, बबलूभाऊंचं फोनवरचं बोलणं, काही ऐकू येईना. मला कौतुकच वाटलं. काय बनवतात लेकाचे, असं मनात आलं. पाय पसरले, डोकं मागे टेकवलं. मग उतरावं म्हणून हँडल ओढलं.

हँडल सैल हललं. दार उघडलं नाही.

चाइल्ड लॉक असेल, असं म्हणून दुसऱ्या बाजूचं ओढलं. तेही तसंच. सीटांच्या मधून पुढे घुसलो, पुढची दोन्ही दारं ओढली. हॉर्न दाबला, तो मुका. बॅटरीच नव्हती. तरीही मी घाबरलो नव्हतो. शेड समोरच होतं, अर्चना माझ्याकडेच तोंड करून बसली होती. मी पुन्हा मागे येऊन काचेवर थापा मारल्या, हात हलवले. ती गाडीकडे पाहत होती. मला पाहत नव्हती.

मग ती उठली, हसली, आणि कोणाशी तरी बोलायला लागली.

तो माणूस शेडच्या आतून आला होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. निळ्या चौकटीचा शर्ट होता त्याच्या अंगात. माझाही निळ्या चौकटीचाच होता. त्यानं वाकून बाबांच्या उजव्या कोपराखाली हात घातला, त्यांना उठवलं, काठी हातात दिली. मी जसा उठवतो तसाच — आधी कोपर, मग काठी. डॉक्टरांनी मला तसं शिकवलं होतं.

मी थापा मारायचं थांबवलं. मेंदूला काही समजेचना.

तो बाबांना घेऊन पांढऱ्या गाडीकडे चालला. ती माझ्या शेजारीच उभी होती. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला, दार बंद केलं. आणि मग वळून काळ्या गाडीच्या काचेत पाहून केसांवरून हात फिरवला. काळ्या काचेचा आरसा करतात लोक, तसा.

माझ्या आणि त्याच्या मध्ये फक्त काच होती. तो मी होतो. पण आरशात मी स्वतःला जसा पाहतो तसा नाही, फोटोत जसा दिसतो तसा. भांग आरशातल्यापेक्षा उलट बाजूला. त्याच्या चेहऱ्यावर भय नव्हतं, काही दुष्टपणाही नव्हता. गाडी बघायला आलेल्या माणसाचा चेहरा होता तो. मी दोन्ही मुठींनी काचेवर मारत होतो, ओरडत होतो. त्यानं केस नीट केले आणि तो गेला. पांढरी गाडी फाटकातून बाहेर पडली. डावीकडे, मोहगावच्या दिशेला वळली.

वाचणाऱ्यांना वाटेल, मला माझ्या जिवाची भीती वाटली असेल. तसं नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट होती... बाबांना कोण घेऊन गेलं?

तेव्हा खिशातला मोबाइल आठवला. अर्चनाला फोन लावला. समोर, काचेपलीकडे, तिनं पर्समधून फोन काढलेला मला दिसला. तिनं कानाला लावला.

"अर्चना, मी काळ्या गाडीत अडकलो आहो. दार उघड. बाबा कोणासंग गेले? अर्चना..."

ती ऐकत होती. मान हलवत होती. तिचा आवाज माझ्या कानात स्पष्ट आला, "बरं, बरं. काई घाई नाई. या सावकाश." आणि तिनं पदरानं डोळे पुसले. हसत हसत. फोन ठेवला.

पुन्हा लावला तर रेंज गेलेली.

त्यानंतर किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. ऊन टपावर होतं. आत श्वास घेतला की नाकात लेदरचा गरम वास शिरायचा. काचेवर लाथा मारल्या, सीटचा हेडरेस्ट उपटून पाहिला, तो निघेना. बाहेर बबलूभाऊंनी चहा मागवला. अर्चनानं तो बशीत ओतून प्यायला. एक कुत्रं येऊन माझ्याच गाडीच्या सावलीत झोपलं. माझा संसार माझ्यावाचून नीट चालला होता, आणि मी तो काचेतून पाहत होतो. ओरडून घसा बसला. शेवटी मी गप्प झालो. सीटवर अंग टाकून फाटकाकडे पाहत राहिलो. बाबा घराच्या खिडकीशी बसायचे ना... तसा. तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिथे बसून कसं वाटत असेल.

पांढरी गाडी परत आली, ती माझ्या शेजारीच लागली. बाबा आपल्या हातानं दार उघडून उतरले. चालकाच्या बाजूचं दार पलीकडे होतं. तिकडून कोण उतरलं, ते मला दिसलं नाही. कारण त्याच क्षणी माझ्याकडचं दार उघडलं आणि अर्चना आत वाकली.

"अहो, तुमी याच्यात कवा येऊन बसले? आत्ताच तर गाडी लावली." मग माझ्याकडे नीट पाहून ती म्हणाली, "हे काय, शर्ट पूरा ओला? पांढरीत एसी नव्हता काय?"

 मी दाराला धरून खाली उतरलो. बाबा काठी टेकत जवळ आले. त्यांनी पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"हेच घे," ते म्हणाले. "बसाले सोपी आहे. अन् तू चालवतं चांगली."

आई गेल्यानंतर त्यांच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं.

पांढरीच घेतली. बबलूभाऊ म्हणाले, "भाऊ, तुमी चालवूनच आले, आता काय इचार करता." घरी आणायला मी चाकामागे बसलो, तर सीट माझ्या पायांच्या लांबीवर होती. आरसे माझ्या डोळ्यांना बरोबर. मला काहीच हलवावं लागलं नाही. बबलूभाऊ उंचीनं जेमतेम माझ्या खांद्याला लागतात. ही सीट त्यांनी लावलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना अर्चनाला सगळं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "ऊन लागलं तुम्हाले."

"मी फोन केला तवा काय बोललो मी?"

"असं काय विचारता? तुमी म्हटलं, बाबा बोलून राहिले, थांबूनच नाई राहिले. मोहगावपावतर नेऊन आणतो. मले तर रडू आलं."

मी माझ्या मुठी टेबलावर ठेवल्या. बोटांचे सांधे सुजून काळेनिळे झाले होते. तिनं ते अंगठ्यानं चाचपून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "हे बाबाले नका सांगू. आत्ता कुठं ते माणसात आले."

मी नाही सांगितलं.

दोन-चार दिवसांनी एकटाच सौंसरला गेलो. काळी गाडी तिथेच होती. मोटार तपासतो तशी तपासली. चाइल्ड लॉक लावलेलं नव्हतं. चारही दारं आतून सहज उघडत होती, बॅटरी काढून पाहिली तरीही. दारात वीट अडकवून आत बसलोसुद्धा. काही नाही. नुसती गाडी होती. पुढे ती कोणी तरी घेऊन गेलं, बबलूभाऊंना मी नाव विचारलं नाही. उष्माघात झाला असेल, असं एका डॉक्टर मित्रानं सांगितलं. असेल. पण मग बाबांना मोहगावला कोणी नेलं? उघडून पाहावं असं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही, आणि कारण मला आजही सापडलेलं नाही.

बाबा बदलले, हे मात्र खरं. जेवताना बोलतात, शेजारच्या पोरांचे पाढे घेतात, खिडकीची खुर्ची त्यांनी स्वतःच अंगणात नेऊन ठेवली. त्या दिवशी मोहगावच्या रस्त्यावर कोणी तरी त्यांना काही तरी सांगितलं. जे मी त्यांना एवढ्या दिवसांत सांगू शकलो नव्हतो. काय ते, मला माहीत नाही. विचारणार कसं? ते मीच सांगितलं आहे.

मागच्या रविवारी त्यांना घेऊन त्याच रस्त्यानं निघालो होतो. संत्र्याच्या बागा लागल्या. एसी चालू होता, काचा वर होत्या. बाबा बाहेर पाहत होते. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले,

"त्या दिवशी तू आईचं सांगतलं होतं न मले... ते एकदा अजून सांग."

मी समोर पाहत गाडी चालवत राहिलो. गाडीत आम्ही दोघंच होतो. बाबांनी हात काढला नाही. ते वाट पाहत होते.