मडगार्डखालची करंगळीभर जागा

कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आणि तव्यावरून उतरणाऱ्या भाकरीचा खरपूस वास, या दोहोंच्या मध्ये माझं बालपण कुठंतरी अडकून राहिलं आहे. कसबा बावड्यातल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत उजाडायच्या आधी चूल पेटायची, आणि धुराच्या निळसर पडद्याआड भाकरी थापणाऱ्या आईच्या हातांचा आवाज, दूर कुणी टाळ्या वाजवत असावं तसा, माझ्या झोपेत शिरायचा. वडील गुऱ्हाळावर जाळ घालायचे. धुरानं पोखरलेली छाती घेऊन ते गेले, तेव्हा मी आठवीत होते. त्यानंतर आमच्या घरात जे काही शिजलं, जी काही वही-पुस्तकं आली, ती शहरातल्या दोन खाणावळींना आई पोचवत असलेल्या भाकऱ्यांवर. गरिबीनं माणूस घडतो असं म्हणणारी माणसं मला व्यासपीठांवर पुष्कळ भेटली. मला ते पटत नाही. गरिबीनं माणूस झिजतो, आणि कुठं झिजतो ते बाहेरून दिसत नाही, एवढंच मी पाहिलं आहे.

भाकऱ्या जायच्या सायकलवरून. कुणाच्या तरी मुलीची वापरून झालेली, निळा रंग उडालेली लेडीज सायकल. मागच्या कॅरिअरवर वेताची पाटी, पाटीत पांढऱ्या धडप्यात बांधलेल्या भाकऱ्यांची चळत. नवरा गेलेल्या बाईनं सायकलवर टांग टाकावी यावर गल्लीत बोलणं झालं, पण आईनं कधी उलट उत्तर दिलं नाही. सायकलवर असताना उत्तराला पुरेल इतका श्वास तिच्याकडे उरतच नसे.

त्या सायकलचे टायर मुळात बारीक होते, आणि मडगार्डही त्याच मापाचे, अंगाला बसलेल्या पोलक्यासारखे नेटके. पण आमच्या वाटेवर खडी होती, उसाच्या तोडलेल्या खोडांची टोकं होती, आणि पाटीचं ओझं सगळं मागच्या चाकावर. एका सकाळी पंचगंगेवरून पांढरं धुकं वर येत असताना ते चाक वाटेतच बसलं. आई पाटी डोक्यावर घेऊन, दुसऱ्या हातानं सायकल ढकलत खाणावळीत पोचली तेव्हा पंगत उठत होती. "मावशी, आमची गिऱ्हाइकं काय भात खाऊन गप बसतील व्हय?" एवढंच मालक म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे दुसऱ्या बाईच्या भाकऱ्या यायला लागल्या. ती खाणावळ परत मिळवायला आईचा अख्खा उन्हाळा गेला.

म्हणून तिनं जाड टायर घातले. पंक्चर थांबलं, आणि आवाज सुरू झाला.

टायर आता मडगार्डच्या आत जेमतेम मावत होता. कोरड्या दिवसांत तो कडेला नुसता चाटून जाई. पण पावसाळ्यात, आणि गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातली काळी माती रस्त्यावर आणून टाकली की, तो चिकट चिखल टायर आणि पत्रा यांच्या मध्ये दाटून बसे, सुकून घट्ट होई, आणि चाक खर्र-खर्र करत त्यातूनच फिरत राही. आई उसाच्या कांडीनं चिखल टोकरून काढी. चार शेतं ओलांडेपर्यंत पुन्हा तेच. नाक्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले रफिकमामा मडगार्डची कड ठोकून बाहेर काढत, नटाखाली चकत्या घालून ते वर उचलत, आणि दर वेळी तेच सांगत.

"वैनी, पावसापुरते तरी काढून टाका की हे मडगार्ड. रानातली सगळी माणसं काढत्यात."

"रानातली माणसं भाकरी घिऊन जात्यात व्हय, रफिकभाई? पांढऱ्या धडप्यावर चिखलाचा एक ठिपका दिसू द्या, पाटी तशीच माघारी येत्या."

ते हसत, आई हसत नसे. तिच्यापुढे तीन वाटा होत्या. बारीक टायर घालावा, तर पंक्चर होऊन खाणावळ जाणार. मडगार्ड काढावे, तर चिखल उडून भाकरी जाणार. जाड टायर आणि मडगार्ड दोन्ही ठेवावेत, तर चाक घासणार. पहिल्या दोहोंची झळ घराला होती, माझ्या शाळेला होती. तिसरीची फक्त तिच्या मांड्यांना, गुडघ्यांना आणि छातीला. तिनं तिसरी निवडली, आणि ती निवड आहे हेसुद्धा कुणाला कळू दिलं नाही.

तो आवाज आमच्या गल्लीचं घड्याळ झाला. कोपऱ्यावरच्या आक्काताई म्हणायच्या, "आली बघ तुझी आई, घंटी कशाला पायजे तिच्या सायकलीला!" मी खिडकीत अभ्यास करत असे, खर्र-खर्र जवळ आली की उठून पाण्याचा तांब्या भरून ठेवी. संध्याकाळचं तांबूस ऊन पत्र्यावरून उतरत असे, आई उंबऱ्यावर बसून बराच वेळ नुसता श्वास घेत असे, आणि त्या लांबलेल्या श्वासाला आम्ही दोघी थकवा म्हणत होतो. सायकल ही वस्तू अशीच असते, ती ओढावीच लागते, असं मीही धरून चालले होते. कॉलेजात गेल्यावर मला दुसरी सायकल चालवून बघायची वेळ आली नाही. मी पासावर बसनं जात होते, आणि त्या पासामागेही तेच चाक घासत होतं.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात, आईकडच्या आणि वडिलांकडच्याही, पदवीचा कागद हातात घेतलेली मी पहिली. पुढे भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, आणि आता शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. हे मी अभिमानानं सांगते. लाजून सांगण्यासारखं त्यात काही नाही. पहिला पगार झाला तेव्हा आईला म्हटलं, आता बस्स. ती म्हणाली, "बस्स म्हणजे काय? बसून हातपाय आखडतील की." एवढं म्हणून ती पाटी भरायला लागली.

ती थांबली ती गेल्या पावसाळ्यात. खाणावळीच्या दारात सायकल स्टँडला लावता लावता ती खाली बसली आणि तिला उठताच आलं नाही. दवाखान्यातला तो फिनेलचा वास, खिडकीबाहेर दिवसभर पडणारा राखाडी पाऊस, आणि डॉक्टरांनी उजेडासमोर धरलेला तिच्या छातीचा फोटो मला अजून दिसतो. हृदय मोठं झालंय आणि थकलंय, असं ते म्हणाले. आजवर काय जड काम करत होता, असं त्यांनी विचारलं तेव्हा आईला प्रश्नच कळला नाही. "कुठलं जड? भाकऱ्या करतो आन् सायकलीवरनं निऊन देतो." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सायकल बंद, पाटी बंद, जिनासुद्धा जपून.

घरी आल्यावर तिनं औषधांचं विचारलं नाही, सायकलचं विचारलं. मी बरी हुईस्तवर टायर बदलून ठिव, म्हणाली; झिजल्यात. बरी होईपर्यंत. डॉक्टर काय म्हणाले ते मी तिला पुरतं सांगितलं नव्हतं, आणि तिनंही पुरतं विचारलं नव्हतं. मी सायकल घेऊन नाक्यावर गेले.

"मॅडम, ह्या सायकलीचं आता काय ऱ्हायलंय?" रफिकमामा म्हणाले. मी पर्समधून कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला तसे ते खो-खो हसले. "बघा रे, एवढं शिकली आन् टायर मापाय लागली!"

"मापूनच घेणार, मामा."

मडगार्डची आतली रुंदी मी तीन ठिकाणी मोजली, मग जुन्या टायरची. दोन्ही आकडे जवळजवळ एकच होते. दोन्ही कडांना आणि वर करंगळीभर जागा सुटेल, चिखल आला तरी निघून जाईल, असा मधल्या रुंदीचा टायर हवा होता. आणि पंक्चर टळावं म्हणून आतून चिवट पट्टी असलेला. मामांनी माळ्यावरून दोन काढून दिले. बसवले, मागचं चाक हातानं फिरवलं. ते फिरत राहिलं. दुकानात काहीच आवाज नव्हता.

मी विचारलं, "असला टायर तेव्हा मिळत होता का, मामा?"

त्यांनी कापडाला हात पुसले, पुन्हा पुसले. "मिळत हुता की. जाड पायजे म्हणून वैनी जाड मागायच्या, मी जाड द्यायचो. मापलं कुनी न्हाय, पोरी."

घरी अंगणात सायकल लावली. कार्तिकातलं कोवळं ऊन होतं, कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि मळीचा तो जुना वास हवेत परत आला होता. आई भिंतीला धरत बाहेर आली. सायकलवर बसू नकोस, मी म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही मुठी धरल्या आणि उभ्यानंच सायकल तुळशीपर्यंत नेली. सवयीनं तिनं सारं अंग पुढं रेटलं होतं, आणि सायकल इतक्या सहज पुढं निघाली की तिचा तोल जाता जाता राहिला. ती थांबली. मागं वळून चाकाकडे बघत राहिली.

"एवढी हलकी असत्या व्हय गं सायकल?"

मागच्या मडगार्डवर महिन्याभरापूर्वी खंडेनवमीला तिनंच लावलेलं हळदी-कुंकू सुकून पिवळट-तपकिरी उरलं होतं. तिनं ते पदरानं पुसलं, सायकल माझ्या हातात दिली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. मी बरी हुईस्तवर, असं त्यानंतर ती एकदाही म्हणाली नाही.

आता त्या सायकलवरून मी कॉलेजला जाते. संध्याकाळी दारात येऊन उभी राहते, तरी आई आतच असते; तू आल्याचं कळतच न्हाय, म्हणते. चिखलाच्या दिवसांतही माझ्या साडीवर ठिपका नसतो, टायर अजून एकदाही बसलेला नाही, आणि चाक कुठंही घासत नाही.