रेघेवर पाय चालतो

सौसर तहसिलीनं हुशार माणसं पुष्कळ पाहिली असतील, पण लोकांचे पाय इतक्या निष्ठेनं पाहणारा माणूस एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. चेहरे भाऊजींच्या लक्षातच राहत नसत. बाजारात एकदा त्यांचे सख्खे काका समोर येऊन उभे राहिले, तर भाऊजी परक्यासारखा नमस्कार करून पुढे निघाले. मग नजर खाली गेली आणि म्हणाले, "अरे, काका का तुम्ही? डावा पाय तिरपा टाकता, म्हणून ओळखलं." काका बिचारे आठ दिवस सरळ चालायचा प्रयत्न करत होते म्हणे.

भाऊजी पटवारी होते. दिवसभर वावरं मोजायची, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणाऱ्या भावाभावांमध्ये मोजणीची साखळी, म्हणजे जरीब, ओढायची, हे त्यांचं काम. मोजणीच्या दिवशी ते कोणाकडचं पाणीसुद्धा पीत नसत, घरून बाटली नेत. मोहगावला दोघं भाऊ एका संत्र्याच्या झाडापायी तीन वर्षं बोलत नव्हते. भाऊजींनी मोजून झाड धाकट्याचं ठरवलं, तेव्हा थोरल्यानं टोपी झटकली आणि "पटवारीसाहेबानं म्हटलं म्हणजे झालं," म्हणत घर गाठलं. अशा माणसाच्या हाती सॉफ्टबॉलच्या नियमांची पुस्तिका पडली, आणि आमच्या घरादाराला पाय सांभाळून चालायची वेळ आली.

झालं असं की ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या मुलींच्या शाळेत सॉफ्टबॉलचं सामान आलं. खेळाच्या बाईंना खो-खो आणि कबड्डी सोडून काही ठाऊक नव्हतं. पुस्तिकेत मोजमापं दिसली म्हणून त्यांनी ती भाऊजींना दिली. बाकीचे नियम भाऊजींनी नुसते वाचले. जीव जडला तो एकाच नियमावर. बॅटिंग करणारीसाठी चुन्यानं आखलेली चौकट असते, तीन फूट रुंद, सात फूट लांब. चेंडूला बॅट लागते त्या क्षणी अख्खा पाय चौकटीबाहेर टेकलेला असला, की मुलगी आउट, मग चेंडू जामसांवलीच्या मारुतीपर्यंत का जाईना. पाय रेघेवर असला तर मात्र चालतो. हे वाचून भाऊजी खुर्चीतून उठलेच. "पाहा, रेघ आपल्याच वावरात धरली आहे. कोण्यातरी शहाण्या माणसानं लिहिलं हे," असं ते ताईला सांगत स्वयंपाकघरापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात चौकट. ताई सडा टाकून रांगोळी काढायची आणि भाऊजी शेजारीच चुना घेऊन बसायचे. एकदा लोधीखेड्याचे पाहुणे आले, त्यांनी ती चौकट पाहून चपला फाटकातच काढल्या आणि भिंतीला घासत घासत घरात शिरले. आम्ही पोरी रोज संध्याकाळी तिथं बॅट फिरवायचो आणि रोज आउट व्हायचो. मारायच्या ओघात पाय पुढे जायचा, तो नेमका रेघ टाळून पलीकडे पडायचा.

"ह्या पोट्ट्या रेघेवरून उडी काऊन मारून राहिल्या?" भाऊजींनी हैराण होऊन विचारलं.

"लहानपणापासून रांगोळीवर पाय दिला का पाठीत धपाटा बसते त्याहिले," ताई म्हणाली. "आता तुम्ही म्हणान पांढऱ्या रेघेवर पाय द्या, तर कशा देतीन?"

भाऊजींनी दोन दिवस ताईची रांगोळी आणि आपली चौकट आळीपाळीनं पाहिली. तिसऱ्या दिवशी आम्हा साऱ्यांना अनवाणी रांगेत उभं केलं आणि रेघेवरून चालायला लावलं. "हे देवाचं नाही, चुना आहे. द्या पाय." एका पोरीनं पाय दिला आणि लगेच वाकून रेघेला नमस्कार केला. महिनाभरात मात्र आमचे पाय रेघेवर टिकायला लागले, आणि आम्ही पांढुर्ण्याच्या शाळेशी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो.

जिंकेल तो संघ जबलपूरला जाणार होता. बाबांनी मला बजावून ठेवलं होतं, "जबलपूरले गेली तर पुढंही खेळ. नाही तर आता पुरे." सामना पांढुर्ण्याला. अंपायर यायचे ते आलेच नाहीत. तेव्हा पांढुर्ण्याच्याच मंडळींनी भाऊजींना उभं केलं. त्यांची साली सौसरकडून खेळते हे कोणीतरी सांगून पाहिलं, तर एक म्हातारे म्हणाले, "मोहगावचं झाड तोडलं नाही त्यानं, जोडले भाऊ. उभं राहू द्या त्याले."

शेवटचा डाव, आम्ही एका रननं मागे, दोघी आउट, दोघी बेसवर, आणि बॅट माझ्या हातात. चेंडू आला आणि मी असा मारला की बस. बेसवरच्या दोघी धावत होम बेसवर आल्या, सौसरची माणसं नाचायला लागली, आणि त्या गोंधळात भाऊजींचा आवाज आला, "आउट."

सगळे धावले. भाऊजी चौकटीपाशी उकिडवे बसले होते. काळ्या मातीत डाव्या पायाचा ठसा होता, रेघेपासून चार बोटं बाहेर, आणि रेघेला धक्कासुद्धा नव्हता. ऐन वेळी जुनी खोड नडली होती. आमच्या बाई काकुळतीनं म्हणाल्या, "पटवारीसाहेब, एवढंसं तर आहे." कोणी म्हणालं, ठसा दुसऱ्याच पोरीचा असेल. तेव्हा भाऊजींनी मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी गेले, त्या ठशात पाय ठेवला. बरोबर बसला. "माहाच आहे," मी म्हटलं.

पांढुर्णा जिंकलं. भाऊजी त्यांच्या म्हाताऱ्यांना सांगत होते, "माही साली आहे ही," आणि डोळे पुसत होते. मला तेव्हा त्यांचा अस्सा राग आला होता, खोटं कशाला सांगू. आज मात्र आमच्या घराण्याबद्दल काही मिरवायचं असेल तर मी तोच ठसा मिरवते.

परतीच्या बसमध्ये मी तोंड फिरवून बसले. बऱ्याच वेळानं भाऊजी पुढच्या सीटवरून वळले आणि हळूच म्हणाले, "बेबी, बॉल गेला कुठपर्यंत वं? मी पायाकडं पाहून राहिलो होतो. मले दिसलाच नाही."

सौसरला उतरताना मी म्हटलं, "मैदानाबाहेर संत्र्याच्या पेट्या होत्या ना, तिथपर्यंत." त्यांनी घरी गेल्या गेल्या बाबांना तेच सांगितलं. बाबांनी खेळ बंद केला तो केलाच, पुढं लग्न होऊन मी दूर गेले. माहेरी आले की भाऊजी विचारायचे, बॉल कुठपर्यंत गेला होता. दर वेळी मी तो थोडा पुढे नेई. पेट्यांवरून सडकेपर्यंत, सडकेवरून रेल्वेच्या रुळापर्यंत. कोणाला बोटभर वावर जास्त न देणारा माणूस मान हलवून म्हणायचा, "असंन, असंन." शेवटी अंथरुणावर होते, तेव्हाही विचारलं. मी त्यांचे पाय चेपत म्हटलं, "रुळाच्या पलीकडं गेला होता, भाऊजी."

"मी पाहाले पाहिजे होता," ते म्हणाले.