सुकटीची बरणी आणि पिवळा झेंडा

दादाचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या शाळेत ऑनलाइन वर्ग घेत होते. म्हणजे नावांच्या चौकोनांकडे बघत एकटीच बोलत होते. "शिडाच्या बोटीनं मालदीवला येतेस का?" त्यानं विचारलं, आणि मला वाटलं चेष्टा करतोय. दादा पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होता. आता तो लोकांच्या यॉट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवतो. एका मालकाची यॉट वर्षभर कोचीत अडकून पडली होती आणि ती माले शहराजवळच्या धक्क्यावर न्यायची होती. दादाचा नेहमीचा जोडीदार ऐनवेळी पॉझिटिव्ह निघाला होता. "कोणी नाही मिळालं तर एकटाच जाईन," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

प्रवासाच्या ब्लॉगवर लोक लिहितात की समुद्र बोलावत होता, म्हणून गेलो. माझं तसं काही नव्हतं. मी घाबरून गेले. दादाला मधुमेह आहे, दुसरी लाट दारात आलेली, आणि हा माणूस अडीच दिवस भर समुद्रात एकटा राहणार होता. आमच्या गावी, धाकटी डहाणूत, वडिलांच्या होडीत मी दहावीपर्यंत सुकाणू धरलेलं आहे, तेवढ्या शिदोरीवर हो म्हटलं.

आईला सांगणं जास्त कठीण होतं. आदल्या वर्षी गणपतीच्या सुमारास एका सकाळी बाबा ताटावरून म्हणाले होते, "आज सुकटीला वास कसा नाय?" जन्मभर जवळा सुकवून विकलेला माणूस, त्याला सुकटीचा वास येत नाही म्हटल्यावर आम्ही हसलो. आठवड्याभरात बाबा गेले. वॉर्डात कुणालाच सोडलं नाही, शेवटचं तोंडही दिसलं नाही. तेव्हापासून आई रोज सकाळी सुकटीची बरणी उघडून घरातल्या प्रत्येकाच्या नाकाखाली धरायची. वास आला की दिवस सुरू. निघताना तिनं अडवलं नाही. एक गच्च भरलेली बरणी दिली आणि दादाला म्हणाली, "रोज सकाळी दोघांनी हुंगायची. आणि मला खरं सांगायचं."

आता रस्त्याचं. कोचीची गाडी आम्हाला वापीहून मिळणार होती, आणि वापीला जायचं तर अच्छाडचा नाका ओलांडायचा. महाराष्ट्रातून येणाऱ्याला तेव्हा गुजरातेत रिपोर्टशिवाय प्रवेश नव्हता. तलासरीला आदल्या दिवशी स्वॅब दिले होते. दादाचा रिपोर्ट आला होता, माझा नव्हता. नाक्यावरच्या पोलिसानं माझा मोबाइल लांबूनच पाहिला आणि म्हणाला, "बेन, रिपोर्ट वगर नहीं जवाय." मग ट्रकांच्या रांगेच्या कडेला एका ढाब्यावर आम्ही बसून राहिलो. चहा तीन वेळा झाला. ढाबेवाला सांगत होता की माणसं इथे दोन-दोन दिवस काढतात आणि शेवटी परत जातात. मी मनात म्हणत होते, येऊ नये रिपोर्ट, घरी जाऊ. गाडीला तास राहिला असताना मोबाइल वाजला. निगेटिव्ह. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला रडू आलं.

कोचीत पुन्हा स्वॅब, कारण मालदीवला निघण्याआधीचा ताजा रिपोर्ट लागायचा. परदेशी बंदरात बोट न्यायची असेल तर दोन्हीकडे एजंट धरा, हा माझा पहिला सल्ला. कस्टम्स, इमिग्रेशन, आरोग्याचा फॉर्म, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या, आणि नियम सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. आमच्या एजंटानं पासपोर्टांवर शिक्के आणून दिले आणि जाताना म्हणाला, "अब वापस मत आना, वापसी का कागज अलग है." तो गमतीनं म्हणाला असेल, पण मला ते वाक्य वाटभर पुरलं.

कोचीच्या खाडीच्या तोंडाशी मासेमारीची मोठी चिनी जाळी उभी असतात, त्यांच्यावरून बाहेर पडलो. पहिल्या दिवशी वारा वायव्येचा, हलका. शीड भरायचं, पडायचं, मग इंजिन लावायचं. किनारा दिसेनासा झाला तरी मी सारखी मागे वळून बघत होते. डहाणूचा समुद्र मला भीती घालत नाही, तिथे मागे वळलं की थर्मल पॉवरची चिमणी दिसते आणि तिच्यामागे आत महालक्ष्मीचा डोंगर. इथे मागेपुढे एकच निळं. जेवायला भात, लोणचं आणि उकडलेली अंडी. सुकट भाजायला काढली तर दादा म्हणाला, ती सकाळच्या तपासणीची आहे, हात लावायचा नाही.

पहिल्या सकाळी बरणी उघडली, भक्कन वास आला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. दुसऱ्या सकाळी मी बरणीत जवळजवळ नाक घातलं आणि काहीही आलं नाही. डिझेलचं, मळमळीच्या गोळीचं निमित्त मी स्वतःला दिलं. खालच्या केबिनमध्ये जाऊन लसूण चुरडला, साबण हुंगला. काही नाही. आमच्या दोघांत आठ हातांचं अंतर होतं, एकच केबिन, एकच हवा, आणि पलीकडे साखरेचा आजार असलेला माझा भाऊ. दादानं विचारलं, "आला?" मी म्हटलं, "आला." मग मी विचारलं, "तुला?" तोही म्हणाला, "आला."

तो पूर्ण दिवस मी वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसून काढला, माझा श्वास त्याच्याकडे जाऊ नये म्हणून. मास्क लावला तर त्याला कळेल, न लावला तर त्याला लागेल. शेवटी उन्हाचं निमित्त करून ओढणी तोंडाला गुंडाळली. दादानंही गळ्यातला रुमाल वर ओढला. मला काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालदीवचं उत्तर टोक, उलिगामू बेट, पाण्यावर हिरवी रेघ ओढल्यासारखं दिसलं. मालेकडे जाण्याआधी परदेशी बोटीची नोंद आणि तपासणी इथेच करून घ्यायची होती. नांगर टाकून दादानं पिवळा झेंडा चढवला. बोट अजून तपासलेली नाही, जवळ येऊ नका, असा त्याचा अर्थ. झेंड्याची दोरी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "सुमे, मला कालपासून वास येत नाय."

"मलाही," मी म्हटलं.

आम्ही दोघं तिथेच डेकवर बसलो. त्यानं रुमाल का ओढला होता ते मला तेव्हा कळलं. तोही मला वाचवत होता. रागावावं की मिठी मारावी कळेना, आणि मिठी तर आता मारायला हरकत नव्हती.

पांढऱ्या पोशाखातली एक नर्स छोट्या होडीतून आली. हिंदी छान बोलायची, मालिका बघून शिकले म्हणाली. तिनं स्वॅब नेले. दुसऱ्या दिवशी दोघंही पॉझिटिव्ह. बेटावर उतरायचं नाही, चौदा दिवस नांगरावरच. पांढरी वाळू समोर, कोणीही फोटो पाहून जळेल असं पाणी खाली, आणि मी दर तासाला दादाचं बोट ऑक्सिमीटरमध्ये घालत होते. पंच्याण्णव. त्र्याण्णव. सहाव्या दिवशी एक्याण्णव. नर्सनं शांतपणे सांगितलं की आकडा आणखी उतरला तर स्पीडबोटीनं मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलात नेऊ. मी पिशवी भरायला उठले. ती म्हणाली, "सिर्फ भाई जाएगा."

बाबांनाही असंच एकट्याला नेलं होतं. मी दादाला पालथं झोपवलं, नर्सनं सांगितलं होतं तसं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला देव आठवला नाही. मला फक्त आकडा दिसत होता. संध्याकाळी ब्याण्णव, दुसऱ्या सकाळी चौऱ्याण्णव. स्पीडबोट बोलवावी लागली नाही.

नर्सनं दिलेल्या सिमकार्डावरून आईशी रोज व्हिडिओवर बोलायचो. दादा उशीला टेकून हसरा चेहरा करायचा. ती एकच विचारायची, "वास येतो?" आणि आम्ही दोघं एका सुरात, "येतो." बोट उशिरा का पोचते याला आम्ही वाऱ्याचं कारण दिलं. मच्छीमाराच्या बायकोला वाऱ्याचं कारण. तिनं तेही ऐकून घेतलं.

गावातले लोक दर दोन दिवसांनी होडीतून पिशवी आणून आमच्या कठड्याला अडकवून जायचे. नारळ, रोट्या, आणि लाकडासारखा कडक सुकवलेला मासा. त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. आमची मुक्तता झाली त्याच सुमारास नवा नियम आला, की भारतातून आलेल्यांनी वस्तीच्या बेटांवर राहायचं नाही, आणि पुढे विमानंही बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. ज्यांनी आम्हाला जेवू घातलं त्यांच्या वाळूवर पाय न ठेवताच आम्ही नांगर उचलला. मालेजवळ यॉट मालकाच्या माणसांना दिली आणि मिळेल त्या विमानानं मुंबई गाठली. घरी पोचलो तेव्हा हातावर क्वारंटाइनचा शिक्का होता आणि रस्त्यावर ॲम्ब्युलन्सखेरीज काही नव्हतं.

क्वारंटाइन संपल्यावर आईनं आमची सामानाची पिशवी उपसली. बरणी बाहेर काढली आणि उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली.

"वास येत होता ना रोज?" ती म्हणाली. "मंग भाजून खाल्ली कशी नाय? दोघंही?"

दादानं तपासणीचं कारण पुढे केलं, पण ते त्यालाच पटेना. आईला व्हिडिओतच कळलं होतं. दादाच्या उशीमागे फळीवर बरणी दिसायची, आणि ती रोज बघत होती की सुकट खाली जाते का. सुकटीचा वास घेऊन ती न भाजणारी पोरं आपली नव्हेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"बोलून काय झालं असतं? मी घाबरलेली तुम्हाला कळली असती."

म्हणजे तिकडे दोघं आणि इकडे एक, तिघंही तोच एक शब्द, "येतो", बोलत होतो.

आता त्या अटी राहिल्या नाहीत. कोचीहून उलिगामूला जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, तेव्हा वारा ईशान्येचा आणि भरवशाचा असतो. बेटावर उतरा, आमच्या वाटचंही चालून या. दादाचा वास महिन्याभरात परत आला आणि तो पुन्हा बोटी पोचवायला लागला. माझा आला नाही. कधी कॉफीचा येतो, कधी रॉकेलचा, सुकटीचा अजून एकदाही नाही. आई मात्र रोज सकाळी बरणी आणते. मी बरेच दिवस "आला" म्हणायचे, आणि ती मान डोलावून आत जायची.

आज सकाळी तिनं बरणी धरली आणि विचारलं, "येतो?"

"नाही, आई," मी म्हटलं.

तिनं झाकण लावलं, बरणी माझ्या मांडीवर ठेवली आणि शेजारी टेकली. "बरं झालं बोललीस," ती म्हणाली. "उद्या परत बघू."