मोठ्यानं गाणारे अण्णा

आमच्या बरकतपुऱ्यात, समोरच्या तळमजल्यावर कोठी भागातल्या एका जुन्या चर्चची नवी शाखा निघाली, तेव्हापासून हे गृहस्थ दिसू लागले. शाखा कुठेही निघो, चर्चवाले आपली चार कुटुंबं आणि ह्यांना तिकडे पाठवतात. काम एकच, मोठ्यानं गायचं. सुरात नव्हे, मोठ्यानं. दर रविवारी त्यांचा तो फाटका तेलुगू आवाज थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या.

एकदा भाजीच्या गाडीपाशी मी म्हटलंच, "अण्णा, जरा हळू गात जा की."

ते ओशाळले. "काय है अक्का, नवे लोक लाजतात. माझं ऐकून त्यांना वाटतं, ह्याच्यापेक्षा आपण बरं गातो. मग तोंड उघडतात." हे इतकं हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं.

गाता गाता मधेच थांबायची त्यांना सवय होती. ते थांबले की सगळेच थांबत, मग अण्णाच पुन्हा सुरू करत. मागच्या रविवारी ते थांबले आणि गाणं थांबलं नाही. बायकांचे, म्हाताऱ्यांचे आवाज पुढे जात राहिले. अण्णा दारात डोळे मिटून उभे होते.

प्रार्थना संपल्यावर माझ्या खिडकीकडे बघून म्हणाले, "पुढच्या वेळी उप्पलच्या नव्या शाखेत, अक्का. तिथे अजून कुणी गात नाही."

आज समोरून गाणं आलं, अगदी सुरात. मी गॅस बारीक केला आणि त्यात तो बेसूर आवाज शोधत राहिले.